फाटकाबाहेर

“…पण मग तो मला भेटत का नाही, फादर?”

फादर सायमन मच्याडो वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे फादर रेमंड तुस्कानो एके काळी सेमिनरीत त्यांचेच विद्यार्थी होते. वसईच्या वाडीतला मुलगा, रोमला जाऊन पंडित होऊन आलेला. मुक्तीचं ईशज्ञान हा त्यांचा विषय. देव तटस्थ नसतो, तो गोरगरिबांच्या बाजूने उभा राहतो, हे त्यांनी जाडजूड प्रबंध लिहून सिद्ध केलं होतं. त्यांच्या व्याख्यानांना सभागृहं भरत. लोकांच्या डोळ्यांत पाणी येई.

त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मात्र काही येत नव्हतं. वेदीपाशी पवित्र भाकर उंच धरली की वाटे, आपण रिकामेच हात वर केलेत. लहानपणी आईचं बोट धरून पहाटेच्या मिस्साला चर्चमध्ये जाताना जो देव अगदी शेजारून चालायचा, तो कधी निघून गेला ते कळलंही नव्हतं. आणि हे सांगणार कुणाला? सगळे तर त्यांनाच विचारायला येत.

म्हणून ते इथे आले होते. डोंगराच्या पायथ्याच्या या कातकरी वाडीत, जिथे त्यांचे म्हातारे गुरू कुडाच्या एका खोलीत राहत होते.

“तो गरिबांत राहतो, असं मीच लिहिलंय,” रेमंड म्हणाले. “म्हटलं, इथे तरी…”

“कुठल्या वाटेने आलास?”

“डांबरी रस्त्यावरून, त्या फार्महाऊसमधून. वॉचमनने माझा झगा पाहिला आणि न विचारता फाटक उघडलं.”

“हं…”

शेंगा तशाच ठेवून फादर सायमन उठले. कोपऱ्यातला हंडा त्यांनी उचलला.

“पाण्याला जायचंय. येतोस?”

बाहेर वाडीतल्या बाया निघालेल्याच होत्या. नळ होता फार्महाऊसच्या पलीकडे, डांबरी रस्त्याला. रेमंड सवयीने फार्महाऊसच्या दिशेने वळले.

“तिकडून नाही,” फादर सायमन म्हणाले. “ते फाटक वाडीला बंद आहे.”

“पण आपल्याला सोडतात ना!”

“सोडतात. तू जा हवं तर.”

आणि ते बायांच्या मागोमाग टेकाड चढू लागले. रेमंड क्षणभर घुटमळले. मग झग्याचा घोळ हातात धरून तेही निघाले.

ऊन चढलं होतं. वाटेवर सगळी खडी, पाय घसरत होते. पुढे नवशी हिलम नावाची पिकल्या केसांची बाई होती. रेमंडची धाप ऐकून ती थांबली.

“नवे बाबा, दमलात जणू?”

“ही वाट आधीपासून अशीच?”

“नाय ओ. आमची वाट खालून व्हती, सपाट. शेठनं जमीन घेतली, तार मारली. अर्ज केले, मोर्चा नेला. वाट काय सुटली नाय.” तिने डोक्यावरची चुंबळ सारखी केली. “माझ्या सुनेला कळा सुटल्या, तवा डोलीत घालून ह्याच टेकाडावरून नेली. फाटकापाशी लय हाका मारल्या आधी. नाय उघडलं… सून तेवढी वाचली.”

ती पुन्हा चालू लागली.

“तवापासनं हे म्हातारबाबा आमच्याच वाटेनं चालत्यात,” नवशी म्हणाली. “मी म्हनते, तुमाला फाटक उघडं हाय, कशापायी पाय झिजवता? तर नुसते हसत्यात.”

रेमंडच्या छातीत काहीतरी पेटलं. नळावर त्यांनी बायांचे हंडे भरून दिले. परत फिरायची वेळ झाली तेव्हा ते बायांना म्हणाले, “चला माझ्याबरोबर. आज आपण फाटकातून जायचं. मी बोलतो त्याच्याशी.”

बायांनी म्हाताऱ्या फादरांकडे पाहिलं. ते नळाला तोंड लावून पाणी पीत होते.

सगळ्या फाटकापाशी आल्या. वॉचमनचं नाव निवृत्ती. रेमंडना बघताच त्याने अदबीने फाटकाचं एक दार उघडलं.

“या, फादर.”

“या बायाही येतील.”

दार पुन्हा लागलं.

“तेवढं सोडून बोला, फादर. माझ्या पोटावर पाय येईल. तुम्ही या. तुम्हाला कुणी अडवलंय?”

रेमंडना बोलायचं होतं. अन्यायावर, माणसाच्या प्रतिष्ठेवर, कितीतरी वाक्यं तयार होती. पण फाटकातून पलीकडची सपाट वाट दिसत होती, आणि सकाळी ते त्याच वाटेने छान झपझप चालत आले होते.



ते खाली बसले. तिथेच, फाटकासमोरच्या धुळीत, करंजाच्या झाडाखाली.

“फादर, हे काय?” निवृत्ती घाबरला.

“यांना सोडत नाहीस, तर मीही येत नाही.”

नवशीने हंडा उतरवला आणि उन्हात फतकल मारली. मग दुसरीने. मग सगळ्यांनीच. मागून फादर सायमन आले, कुणाला काही न विचारता तेही बसले.

निवृत्तीने शेठला फोन लावला. आत जाऊन बोलला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. नवशीने हंड्यातलं पाणी तांब्यात घेतलं आणि गजांतून आत दिलं.

“पी रं. तुझा तरी काय दोस?”

तो घटाघटा प्याला. तांब्या परत देताना त्याने मान खाली घातली.

थोड्या वेळाने फोन वाजला. ऐकून त्याचा चेहरा फुलला, त्याने फाटक सताड उघडलं. “शेठ म्हणतात, फादर आहेत म्हणून आजच्या दिवस जाऊ द्या सगळ्यांना!”

रेमंड ताडकन उठले. “उघडलं! चला!”

कुणीच हललं नाही.

“आन उद्या?” नवशीने विचारलं.

“उद्याचं काही बोलले नाहीत.”

“मंग बसतो आमी.”

उघड्या फाटकासमोर रेमंड एकटेच उभे होते. मग हळूहळू तेही खाली बसले.

ऊन डोक्यावर आलं. हंड्यांतलं पाणी कोमट झालं. शेजारच्या बाईच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि कितीतरी वर्षांनी रेमंडना आईच्या लुगड्याचा वास आठवला. इतकी ओढ, इतकी… आणि समोर रस्ता मात्र रिकामाच.

“फादर,” त्यांनी हलकेच विचारलं, “येईल ना तो?”

“कोण?”

शेठ म्हणावं, की देव… रेमंडना सांगता येईना.

फादर सायमननी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“जरा सरकून बस, रेमंड. नवशीला सावलीत येऊ दे.”