दारावरचे दार

राजा चंडवर्म्याने फर्मान काढले : पाण्याच्या पाटावरच्या प्रत्येक जुन्या दारापुढे एक राजदार बसवावे!

"पाट पूर्वजांचा, दारे गावकऱ्यांची; मग त्यात आमचे काय?" असा त्याचा सवाल होता. कारभारी गुणनिधीने मान डोलावली. मान डोलावणे हाच त्याचा एकमेव उद्योग होता.

राजदारे बसली. पितळी खिळे, वर राजमुद्रा! आता ज्याला पाणी हवे त्याने शिपायाला सांगावे, शिपायाने कारभाऱ्याला सांगावे, कारभाऱ्याने होकार द्यावा, मग राजदार उघडावे. आणि त्यामागचे जुने दार धाकू पाटकऱ्याने पूर्वीसारखेच उघडावे. काम जुन्याचे, मान नव्याचा! शिवाय जुने दार बोटभर उघडे, वीतभरही उघडे. राजदाराला दोनच गोष्टी ठाऊक : सताड उघडणे आणि घट्ट मिटणे. वरची शेते बुडाली, खालचा भात करपला.

धाकू दरबारात एवढेच म्हणाला, "महाराज, ही मधली दारे बिनकामाची आहेत."

"राजमुद्रेला बिनकामाची म्हणतोस?" राजा कडाडला. "उद्या राज्याबाहेर हो!"

धाकूची लेक येसू पुढे झाली. "आणि बाबांचे म्हणणे खरे ठरले तर, महाराज?"

"खरे? उद्या एकादशीचे पारणे फिटण्याआधी माझ्याच तोंडून वदवून घे, की मध्ये कोणी नको! वदवलेस तर बाप राहील. नाहीतर तूही त्याच्याबरोबर चालू लाग."

गुणनिधी खिंकाळला, "महाराजांच्या तोंडून! अगं पोरी, त्यापेक्षा दगडाला पाझर फोड!"

येसूने मनोमन देवाचे नाव घेतले. "एकच मागणे, महाराज. उद्याचे पारणे राजदाराच्या रीतीने व्हावे."

"मान्य!" राजाला ती रीत फार प्रिय होती. ती त्याने स्वतः कधी भोगली नव्हती.

द्वादशी उजाडली. आदल्या दिवशीची एकादशी राजाने निर्जळी केली होती. येसूने खालच्या शेतातल्या, वाचलेल्या मूठभर तांदळाची खीर आणली. गुळाची, नारळाच्या दुधातली. दरबार दरवळला. राजाने हात पुढे केला.

"थांबावे, महाराज! आधी शिपाई."

शिपायाने घास घेतला, डोळे मिटले आणि कारभाऱ्याला सांगितले, "गोड आहे."

कारभारी लवून म्हणाला, "महाराज, गोड आहे."

"गोड म्हणजे कशी? जायफळ घातले आहे का?"

प्रश्न कारभाऱ्यामार्फत शिपायाकडे गेला. शिपायाने आणखी दोन घास घेऊन विचार केला. "गोडच आहे."

"महाराज, गोडच आहे."

"अरे, जायफळ विचारतो आहे मी!"

येसूने हात जोडले. "क्षमा असावी. या रीतीत उत्तरे दोनच : गोड आणि अगोड."

शिपाई पुन्हा विचार करू लागला. पातेल्याचा तळ दिसू लागला.

"हटा बाजूला!" राजा गरजला. "भूक माझी, जीभ माझी! मध्ये कोणी नको!"

येसूने उरलेली खीर राजापुढे ठेवली. "आपण वदलात, महाराज. भूक शेतालाही लागते; त्याला गरजता येत नाही, एवढेच."

राजाने खीर चाटूनपुसून संपवली. मग अडून म्हणाला, "तर मग माझ्या अन्नातले विष पारखणाऱ्यालाही हाकलू?"

"त्याला ठेवावे, महाराज. तो घास अडवतो तेव्हा जीव वाचतो. पाटाच्या तोंडाशी, मोठ्या बांधावरचे राजदारही ठेवावे. नदीला पूर आला की तिथले जुने दार एकटे टिकत नाही. बाकीच्या राजदारांनी आजवर काय वाचवले, ते कारभाऱ्यांना विचारावे."

राजाने कारभाऱ्याकडे पाहिले. गुणनिधीने मान डोलावली.

राजा खो खो हसू लागला. हसता हसता त्याचा मुकुट कलंडला. "धाकू, पाट तुझा, तुझ्या वंशाचा! येसू, पाटाखालची दहा बिघे तुझी, आणि बाकीच्या राजदारांचे सगळे सागवान तुझ्या घराला! खिळे मात्र गुणनिधी उपटील. स्वतःच्या हाताने. मध्ये शिपाई न घालता!"