शेठची रिकामी टोपली

दिवाळीच्या तोंडावर त्र्यंबकशेठ आपल्या भल्यामोठ्या मिठाईच्या दुकानात माश्या मारत बसले होते, आणि समोर शकूताईंकडे भेटीच्या टोपल्यांसाठी ही झुंबड! आत लाडू, पणत्या, वर जरीची फीत. लाडू लोकांनी खाल्ले, पोटात मात्र शेठच्या दुखू लागलं. त्यांनी एक टोपली विकत आणवली, रिकामी केली आणि गिऱ्हाइकांदेखत शकूताईंपुढे आपटली.

"सामान काढलं की तुमची कला एवढीच!"

शकूताईंनी तीच टोपली पुन्हा सजवली आणि शेठच्या गल्ल्यावर नेऊन ठेवली. "आलेलं भांडं रिकामं परत करू नये, शेठ."

आत मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या.

"दृष्ट काढायचं सामान?" शेठ गरजले. "मला कुणाची नजर लागणार?"

"तुम्हाला नाही हो," शकूताई म्हणाल्या. "माझ्यावरून ओवाळून टाका. तुमचीच लागलीय."