कातळावरची ठकू

आमच्या सादळवाडीत एक नियम आहे. ज्या बाईचं मूल जगलं नाही, तिने बियाण्याला हात लावायचा नाही. का, असं विचारायचं नाही. मी सात वर्षांची असताना विचारलं, तेव्हा दगडूतात्या, म्हणजे माझे चुलत आजोबा, म्हणाले की काही गोष्टी विचारल्याने विटतात. कॉलेजातून सुट्टीला आल्यावर पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, शिकून पोरीची जीभ लांब झाली. मग मी विचारणं सोडलं आणि ठकूची गोष्ट नीट ऐकायला लागले. तीच आता सांगते. म्हातारी माणसं ती सांगताना काही ठिकाणी खोकतात आणि पुढे सरकतात. मी तिथे थांबणार आहे.

फार वर्षांपूर्वी, या घाटाने बैलही चढत नव्हता तेव्हा, पूर्वेच्या कोरड्या मुलखातून आमची माणसं डोंगरमाथ्यावर आली. तिकडे पाण्यावाचून माणसं मरत. म्हणून येताना त्यांनी देवी आणली, बियाणं आणलं आणि एक शिस्त आणली. वाफा खोल करायचा, चारही बाजूंनी बांध घालायचा, पाण्याचा थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. बांध फोडणं म्हणजे आईचं दूध मातीत सांडणं, असं ती म्हणत.

पण इथे कोकणातून ढग वर चढतात. खालचा मुलूख चैत्रात भाजत असतो, तेव्हा आमच्याकडे धुकं असतं, झिमझिम असते, आणि सकाळी बोटं वळत नाहीत. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं. तरी आमच्या माणसांनी वाफे खोलच केले. ज्या चैत्रात ऊन पडे, त्या चैत्रात घेवडा, माठ, मुळा, काकडी, भोपळा सगळं येई. ज्या चैत्रात पडत नसे, तेव्हा बी कुजे, आणि मग कोणाचा तरी दोष शोधला जाई.

परसातली भाजी तेव्हा तोंडी लावायला नव्हती. शिमग्याच्या आसपास कणगीतली नाचणी संपायची आणि नवी यायला दिवाळी उजाडायची. मधले महिने पोरं पालेभाजीवर, शेंगांवर, भोपळ्यावर जगायची. भाजी आली नाही की पोरं जायची.

त्या गावात ठकू होती. तिची तीन लेकरं गेली होती. एक बाराव्या दिवशी, एक सहा महिन्यांचं, एक पाऊल टाकायला लागल्यावर. तिला कोणी उघड टोचून बोलत नसे. फक्त पेरणीच्या दिवशी सासू म्हणायची, ठके, तू आज गुरं घेऊन लांब जा. आणि ती जायची. तिची धाकटी जाऊ राही. राहीला चार वर्षांची मुलगी होती, मैना. ही मैना ठकूच्या ताटात जेवायची, ठकूच्या कुशीत झोपायची, आणि राही हसून सगळ्यांना सांगायची की मी नुसती जन्मापुरती, आई तीच.

एका वर्षी पाऊस फाल्गुनातच आला आणि गेलाच नाही. असं म्हणतात, दीड महिना कोणी स्वतःची सावली पाहिली नाही. कणगीत उरलेल्या नाचणीला बुरशी धरली. पाडव्याला शिदोजी पाटलाने रिवाजाप्रमाणे आपल्या ओटीवरच्या रांजणातून घराघराला मूठमूठ बी दिलं. लोकांनी पेरलं, बांधात पाणी साचलं, बी कुजलं. आठ दिवसांनी पुन्हा मूठमूठ दिलं. तेही कुजलं. वाफ्यात बोट घातलं की आंबूस वास यायचा. रांजणाच्या तळाला ओंजळभर बी राहिलं.

तोवर तीन घरांतली पोरं गेली होती. मैनाचं पोट फुगलं, पाय काड्या झाले. आधी ती खायला मागायची. मग मागेनाशी झाली, आणि ठकूला त्याचीच जास्त भीती वाटली.

ठकू गुरांमागे असायची म्हणून तिला एक गोष्ट दिसली, जी पेरणाऱ्यांना दिसली नव्हती. गोठ्यामागच्या उकिरड्यावर, ढिगाच्या अगदी माथ्यावर, कोणी न पेरलेला भोपळा उगवला होता. त्याच पावसात, त्याच गारठ्यात. तिने ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती, आणि पाणी ढिगावरून निथळून जात होतं.

ती पाटलाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. म्हणाली की बांध फोडा, वाफे उंच करा, खाली शेण आणि पाला घाला, बियाला आधी ऊब द्या. ओटीवर चार म्हातारे बसले होते. शिदोजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या पोटात काय ऊब कमी होती? तिथं एक टिकलं न्हाई, आन् आम्हाला उगवण शिकवतीस."

म्हातारे हसले. ठकूचा नवरा खांबाला टेकून उभा होता. तो हसला नाही, पण जागचा हललाही नाही.

उरलेलं बी त्याच खोल वाफ्यांत तिसऱ्यांदा पेरायचं ठरलं. देवीचा कौल घ्यायला भर दुपारी सगळा गाव देवळात गेला. धुकं इतकं दाट होतं की घंटा ऐकू येई, पण देऊळ दिसत नव्हतं. ठकू पाटलाच्या ओटीवर चढली, रांजणात वाकली आणि ओंजळ भरून घेतली. लुगड्याचा काठ फाडून त्यात बी बांधलं, आणि ती पुरचुंडी पोटाशी, उघड्या कातडीला लागून, घट्ट आवळली.

ती पळाली नाही. सरळ देवळापाशी गेली आणि सगळ्यांसमोर बोलली.

"बी माझ्यापाशी हाय. पोटाशी बांधलंय. मोड आल्याबिगर सोडायची न्हाई. कुणाला काढून घ्यायचं असंल त्यानं हात घालावा."

परक्या बाईच्या पोटाला हात कोण लावणार? पुरुषांना रीत आडवी आली. बायकांना भीती आडवी आली, आपल्याला हिचा दोष लागेल म्हणून. कोणीच पुढे झालं नाही, तिचा नवराही नाही. मग पंच बसले आणि त्यांनी ठकूला वाळीत टाकलं. तिला पाणी द्यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिला विस्तव द्यायचा नाही. सासूने तिच्या चुलीवर घागर उपडी केली.

इथे आमचे म्हातारे खोकतात. मग म्हणतात, ठकूआई तप करायला कातळावर गेली. ती तप करायला गेली नव्हती. तिला गावाने घालवलं. त्या पावसात, विस्तवाशिवाय घालवलं, आणि तेव्हा तीस घरांच्या चुली पेटलेल्या होत्या.

गावाच्या वर काळा कातळ आहे. तिथे माती नव्हती, म्हणून कोणाचा वाफा नव्हता, आणि म्हणून कोणी तिला हटकलं नाही. ठकूने टोपलीने शेण वाहिलं, रानातला कुजका पाला वाहिला, वर माती वाहिली, आणि दगड रचून कंबरेएवढा उंच वाफा केला. असं म्हणतात, तिने तीनशे टोपल्या एकटीने चढवल्या, आणि पोटावरचं बी चेंगरू नये म्हणून एकदाही वाकली नाही. गुडघे टेकून बसायची आणि टोपली डोक्यावर घेऊन उठायची. असं म्हणतात, ती बसूनच झोपायची, गुडघे पोटाशी घेऊन, म्हणजे ऊब बाहेर जायची नाही. चौथ्या दिवशी बियांना मोड आले. असं म्हणतात, मोड तिच्या कातडीत रुतले होते आणि सोडवताना रक्त आलं.

ते मोड तिने वाफ्यात लावले. त्याच संध्याकाळी गारा पडायला लागल्या. तिच्याकडे एकच इरलं होतं, कामट्यांचं आणि पानांचं, पावसात बाया डोक्यावरून पाठीवर घेतात ते. ते तिने वाफ्यावर पालथं घातलं. इरलं अर्ध्या वाफ्याला पुरलं. उरलेल्या अर्ध्यावर ती स्वतः ओणवी झाली.

राही एकदा निघाली होती. मडक्यात निखारे घेतले, वरून पदर धरला आणि कातळाच्या वाटेला लागली. अर्ध्या वाटेत मागून सासूची हाक आली. एकच हाक. राही मागे फिरली. हे तिने स्वतः, म्हातारपणी, मैनाच्या लेकींना सांगितलं. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यांत खरा वाटतो, कारण तो सांगून राहीला काही मिळणार नव्हतं.

नवव्या दिवशी ऊन पडलं. लोक वर गेले. ठकू वाफ्यावर ओणवीच होती, गार आणि ताठ. तिच्या पोटाखालची माती मात्र गरम होती. असं म्हणतात, घेवड्याचे वेल तिच्या बोटांतून चढून खांद्यापर्यंत गेले होते. माठाची पानं तळहाताएवढी झाली होती. मुळ्याची रोपं तिच्या सुटलेल्या केसांतून वर आली होती, आणि तिला उचलताना बायकांना आधी केस सोडवावे लागले. असं म्हणतात, त्या वाफ्यातून जेवढं खुडावं तेवढं दुसऱ्या सकाळी पुन्हा यायचं, आणि मृगाचा पाऊस लागेपर्यंत तीस घरांची पोरं त्या एका वाफ्यावर जगली.

मैनाही जगली. माठाचं पहिलं कढण पोटात गेल्यावर तिने डोळे उघडले आणि थोरली आई कुठे आहे, असं विचारलं. राहीने कढणाची वाटी पुन्हा तिच्या तोंडाला लावली.

ठकूच्या पाया पडायला सगळ्यांत आधी शिदोजी पाटीलच वाकला. देवी झाली, म्हणाला. मेलेल्या बाईला देवी म्हणायला काही लागत नाही. ती विस्तव मागायला दारात येत नाही.

त्याच वर्षी गावाने सगळे बांध फोडले. तेव्हापासून सादळवाडीत वाफे उंच असतात, खाली शेण आणि पाला असतो, आणि चैत्रातल्या पावसात आमचं बी कुजत नाही. खालच्या गावचे लोक येतात आणि विचारतात की इतक्या गारठ्यात तुमच्याकडे काकडी कशी धरते. आम्ही ठकूआईचं नाव सांगतो.

दर चैत्रात, पाडव्यानंतर, गावातल्या सात जणी बियाण्याच्या पुरचुंड्या पोटाशी बांधतात आणि चार दिवस आडव्या होत नाहीत. पाचव्या दिवशी कातळावर जाऊन मोड ठकूच्या वाफ्यात लावतात आणि वर इरलं पालथं घालतात. त्या दिवशी कोणत्याही घराने कोणाला विस्तव नाकारायचा नसतो. आता घराघरात गॅस आहे, तरी बाया एकमेकींच्या दारात निखारा मागायला जातात आणि घेऊन येतात. पहिली खुडणी कोणी आपल्या चुलीवर चढवत नाही. ती ज्या घरात पोर आजारी असेल त्या घरी जाते.

आणि त्या सात जणी कोण असतात? लेकुरवाळ्या, नाहीतर माझ्यासारख्या बिनलग्नाच्या. जिचं मूल गेलं, तिने त्या दिवसांत दार लावून घरात बसायचं. कारण ठकूआईला चालत नाही, असं म्हणतात.

गेल्या भादव्यात माझ्या शालनवहिनीचं बाळ आठव्या दिवशी गेलं. सगळा हिवाळा ती परसात राबली. यंदाचे सगळे वाफे तिने रचले, शेण तिने वाहिलं, माती तिने चाळली. बांधणीच्या दिवशी देवळाच्या पायरीवर पुरचुंड्या मांडल्या होत्या आणि वहिनी पाण्याची कळशी घेऊन आली. सोनाआत्या, माझ्या बाबांची थोरली बहीण, तिच्याजवळ गेली आणि अगदी मायेने म्हणाली की शालन, तू आता घरी हो बाई. वहिनीने मान खाली घातली. तेवढ्यात दगडूतात्यांनी पहिली पुरचुंडी उचलून माझ्या हातात दिली.

मी ती पायरीवर परत ठेवली.

"मी बांधणार नाही," मी म्हणाले. "वहिनी बांधेल. ती नसेल तर मीही नाही."

तात्या म्हणाले की सणाच्या दिवशी शहाणपण नको. आत्या म्हणाली की ठकूआईचा कोप झाला तर तुझ्या कॉलेजातले मास्तर निस्तरायला येणार आहेत का. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांतले दोघेतिघे हसले.

"तात्या," मी विचारलं, "ठकूआईची किती लेकरं जगली होती?"

हसणं थांबलं. तात्यांनी सोनाआत्याकडे पाहिलं, आणि सोनाआत्याने जमिनीकडे. वहिनी घरी गेली नाही. कळशी काखेत धरून तिथेच उभी राहिली. ओट्यावर नऊ म्हातारी माणसं होती. त्यांच्यातलं एकही खोकलं नाही.