बासनाची गाठ

“म्हणजे ही पोथी उद्याही उघडायची नाही?”

उपासनी सर पोथी बांधलेल्या लाल बासनावरची सुरकुती तळहाताने सारखी करत राहिले.

परदेशात शिकत असताना रेणुकाने विद्यापीठाच्या ग्रंथालयातला हा हस्तलिखित विभाग मनात रंगवला होता. गार, उजळ दालन आणि तिची वाट पाहणाऱ्या पोथ्या. परतून इथे रुजू झाल्यावर तिला भेटली ती गच्च आवळलेली गाठोडी, किडीला दूर ठेवणाऱ्या वेखंडाचा उग्र वास आणि विभागप्रमुख उपासनी सर, ज्यांच्या परवानगीशिवाय इथली एकही गाठ सुटत नव्हती.

पोथ्यांचे फोटो काढणारं यंत्र उद्या दुपारी परत जाणार होतं. पुन्हा कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. ही एकच पोथी राहिली होती. हिची दुसरी प्रत कुठेच नाही, आणि दमटपणाने पानं एकमेकांना चिकटलेली. कागद कुरतडणारी कसर लागली होती ती वेगळीच. रेणुकाची झोप उडाली होती.

पोथी लोकांची आहे, ती सांगत होती. आज उघडली नाही तर एक दिवस बासनात नुसता भुगा निघेल. बोलता बोलता तिचा आवाज चढला.

“सर, पोथी बांधून ठेवणारे तुम्ही आणि ती खाणारी कसर, फरक काय?”

“कसर सावकाश खाते.”

...

मग सरांनी स्वतःच बासन सोडलं. पंखा बंद केला. बांबूची पातळ पट्टी तिच्या हातात दिली.

“उघड.”

“मी?”

“माझी परवानगी आहे.”

इतके दिवस तिला हेच हवं होतं.  आता तिने तळहात ओढणीला पुसला, पट्टी वरच्या पानाच्या कोपऱ्याखाली सरकवली, श्वास रोखून जराशी उचलली.

कोपरा सुटला... आणि खालच्या पानावरची शाई वरच्या पानाला चिकटून आली. अक्षरं होती तिथे फिकट डाग राहिला.

“सर, थांबू का?”

सर खिडकीबाहेर बघत होते.

“सर...”

“मला काय विचारतेस? पट्टी तुझ्या हातात आहे.”

तिने पट्टी खाली ठेवली.

घरी जाताना एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. थांबले तर कसर खाणार. उघडलं तर मी.

सकाळी यंत्रवाले आले तेव्हा ती दारातच उभी होती. ही पोथी राहू द्या, म्हणाली. पानं न दुखवता सोडवणारं कुणी मिळेपर्यंत ही बंद राहील, तोवर वेखंड बदलायचं काम माझं.

“काय ताई,” त्यांच्यातला एक हसला, “इतके दिवस तर आमचा जीव खाल्लात.”

ते गेले. ती बासन बांधायला बसली. पानं काचू नयेत म्हणून गाठ सैल ठेवली.

सरांनी गाठीत बोट घालून पाहिलं. गाठ सोडली. टोकं परत तिच्या हातात दिली.

“घट्ट बांध. उद्या तुझ्यासारखीच कुणी येईल... तिला सोडायला वेळ लागू दे.”