तीनदा फेकलेले पाणी

एकदा एका नदीकाठच्या गावी श्रीरंग नावाचा एक गृहस्थ पोथ्या तपासून देण्याचे काम करीत असे. तो कोणाच्या पदरी चाकरीला नव्हता. कीर्तनकार, पुराणिक आपापली आख्याने त्याच्याकडे आणीत आणि तो ती घोटून, गुळगुळीत करून परत देई. हात मोठा साफ! लेखकाने एकच गोष्ट दोनदा सांगितली, की तिथे याची लेखणी फिरलीच म्हणून समजा. त्यामुळे श्रोते पेंगत नसत आणि कीर्तनकार त्याला दुवा देत.

पुढे गावोगावची कीर्तने ओसरली. आख्यान घेऊन येणारा माणूस दिसेनासा झाला. घरात बायको, दोन मुले. नुसते दाराकडे डोळे लावून किती दिवस बसणार? तेव्हा श्रीरंगाने ठरवले, आता वैद्यकाच्या पोथ्या हाती घ्यायच्या. पेठेतल्या एका नामांकित वैद्यांची औषधांची पोथी नकलून परगावच्या वैद्यांकडे जायची होती, आणि तिची भाषा कोणीतरी नीटनेटकी करायला हवी होती. श्रीरंगाने काम मागितले, त्याला ते मिळाले, आणि बघता बघता त्याने ते हातावेगळेही केले.

प्रत नकलनविसांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी तो मूळ पोथी आणि आपली प्रत घेऊन वृद्ध गुरूंकडे गेला. त्याला लेखणी धरायला शिकवले ते यांनीच. गुरू खोकल्याने बेजार झाले होते.

"गुरुजी, नवा प्रांत सर केला," तो आनंदाने म्हणाला. "आख्यान काय नि काढा काय, शेवटी वाक्यच ना!"

गुरूंनी दोन्ही पोथ्या शेजारी ठेवून सावकाश वाचल्या. "वा! कुठे अडखळायला होत नाही," एवढेच बोलले. मग श्रीरंगाची प्रत उचलून ते चुलीपाशी गेले. खोकल्याच्या काढ्याचे पान उघडून त्यांनी समोर ठेवले, टोपलीतून काहीतरी काढून चिरले आणि पाण्यात टाकून उकळत ठेवले. श्रीरंग नवलाने पाहत राहिला. काढा झाला. गुरूंनी तो पेल्यात ओतला, फुंकर घातली आणि पेला ओठांशी नेला.

त्या क्षणी श्रीरंगाला पानावरची ओळ आठवली. त्या काढ्यात एक रानटी कंद घालायचा होता. त्याला गुरेसुद्धा तोंड लावीत नाहीत, असे त्याने कधीतरी ऐकले होते. त्याने झेप घेऊन गुरूंचे मनगट धरले.

"गुरुजी, थांबा! पिऊ नका!"

"का रे? तूच तर तपासलं आहेस."

"हो, पण... पण मला खात्री नाही."

"आणि उद्या परगावचं कुणी म्हातारं हाच काढा प्यायला बसलं असतं, तर त्याचं मनगट कोण धरणार होतं?"

श्रीरंगाने मूळ पोथीत तेच पान काढले. तिथे लिहिले होते, 'कंद भिजवावा, पाणी फेकून द्यावे. पुन्हा भिजवावा, पाणी फेकून द्यावे. पुन्हा भिजवावा, पाणी फेकून द्यावे.' आणि त्याच्या प्रतीत होते, 'कंद नीट भिजवून काढ्यात घालावा.' याच सुटसुटीत वाक्यावर तो खूश झाला होता!

"पेल्यात नुसता आल्याचा काढा आहे," गुरू म्हणाले. "मला एवढ्यात जायचं नाही. वैद्यक मलाही येत नाही, श्रीरंगा. पण एखादा माणूस तीनदा पाणी फेकायला सांगतो, तेव्हा त्या पाण्यात काहीतरी असतं, एवढं मला कळतं. आजवर तुझं लेखन कानांसाठी होतं. चूक झाली तर श्रोता जांभई देई आणि घरी जाई. आता ते पोटात जाणार आहे. तुझी कला बरोबर घेऊन ये, बाबा, पण हाताची सवय उंबऱ्याबाहेर ठेव. या प्रांतात तू आज पहिलीच्या वर्गात आहेस. त्याची लाज वाटू देऊ नकोस."

श्रीरंगाचे डोळे भरून आले. तो दोन्ही पोथ्या घेऊन तसाच वैद्यांकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "माझी प्रत अजून कोणाच्या हाती देऊ नका. आधी मला तुमच्या औषधशाळेत बसू द्या. इथलं कसं वाचतात, कसं कुटतात, ते पाहीन, मगच एकेक ओळ हाती घेईन." वैद्यांनी त्याला खलाजवळची जागा दाखवली.

पोथी पूर्ण व्हायला फार वेळ लागला. घरी ओढाताण झाली, बायकोची बोलणीही खावी लागली. पण नव्या प्रतीत कंदाचे पाणी तीनदाच फेकले गेले.

काही वर्षांनी गुरूंचा खोकला फारच बळावला. परगावच्या एका वैद्याने त्याच पोथीवरून काढा करून पाठवला. गुरूंनी पेला उचलला आणि समोर बसलेल्या श्रीरंगाकडे पाहिले. श्रीरंगाचे हात मांडीवर स्थिर होते. गुरू मंद हसले आणि काढा शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.