राहीमायचा रांजण

फार फार वर्षांपूर्वी सोनखळीची शाळा भरायची देवळाच्या ओवरीत आणि ऐकू यायची नदीपलीकडे. पाढ्यांनी नव्हे हो, रडण्यानं. पंतोजी होते अंताजी. पाढा चुकला की छडी, हसलं की छडी, आणि छडी खाऊन रडलं तर पुन्हा छडी. एखाद्यानं दांडी मारलीच तर पंतोजी चार दांडगी पोरं धाडायचे. ती त्याचे हातपाय धरून, त्याला अधांतरी झुलवत शाळेत आणून टाकायची. उचलबांगडी म्हणतात ती हीच.

नदीच्या काठाला राही कुंभारीण राहायची. नवरा गेलेला, पदरी मूल नाही. तिच्या रांजणात वैशाखात भरलेलं पाणी आषाढातही गार लागायचं, असं म्हणतात. शाळेतून पळालेली पोरं तिच्याकडे धावायची. ती त्यांना रांजणात उतरवायची, वर झाकण ठेवायची आणि फटीतून गूळ-फुटाणे सरकवायची. आत जाताना हडकुळं असलेलं पोर बाहेर येताना गुबगुबीत व्हायचं, असं म्हणतात. एकाला तर काढायला तेल लावावं लागलं.

राहीला खंत एकच. पोरं यायची ती भिऊन यायची. शाळेला सुट्टी असली की तिच्या अंगणात चिटपाखरू फिरकायचं नाही. ओवरीत छडी वाजली की ती चाक थांबवून हळहळायची, आणि हात मात्र गुळाच्या गाडग्याकडे जायचा. आता कोणीतरी येईल, असं मनात यायचं. मग तसं वाटल्याची तिची तिलाच लाज वाटायची.

एकदा शिंप्याचा चिमा पळाला. या खेपेला पंतोजी स्वतःच आले. एकेका रांजणावर छडी वाजवत निघाले. सगळे ठणठण वाजले, एक तेवढा बद्द वाजला.

"यात काय आहे गं, राही?"

"पाणी आहे जी."

तेवढ्यात रांजण शिंकला.

"पाण्याला पडसं झालंय वाटतं," पंतोजी म्हणाले. त्यांनी झाकण सारलं आणि आत डोकं घातलं.

आतून आवाज आला, "नका मारू, उद्या येईल पाठ."

आवाज चिमाचा नव्हता. चिमाचं तोंड गुळानं भरलेलं होतं. पंतोजींनी आवाज ओळखला. तो त्यांचाच होता, ते एवढेसे असतानाचा. तेव्हा त्यांना लपायला कुणाचा रांजण मिळाला नव्हता.

डोकं बाहेर आलं तेव्हा डोळे ओले होते. पण जन्माचा ताठा असा एका वाकण्यानं कुठे जातो?

"राही, ही छडी आहे म्हणून तुझं अंगण भरतं," ते म्हणाले. "ही मोडली तर तुझ्याकडे कोण येईल?"

राहीनं चिमाकडे पाहिलं. मग रांजणांच्या रांगेकडे पाहिलं.

"मोडा," ती म्हणाली.

त्यांनी मोडली. तेव्हापासून ओवरीत पाढे असे घुमले की नदीतले मासेसुद्धा बे एके बे म्हणू लागले, असं म्हणतात.

आणि राहीकडे कोणी आलं नाही. भीतीच नाही तर पळायचं कशाला? पोरांची यात काही चूक नव्हती. राही रोज झाकणं पुसून ठेवायची. नवे रांजण घडवताना तोंड जरा रुंद ठेवायची, वाढलेली पोरंही मावावीत म्हणून. गूळ पाघळला, फुटाणे मऊ पडले. शेवटी एका संध्याकाळी, पोरांना आत कसं वाटत असेल ते बघावं म्हणून ती स्वतःच रांजणात उतरली, आणि पुन्हा कुणाला दिसली नाही. चिमा धावत आला. रोज 'उद्या जाऊ' म्हणत राहिला होता बिचारा. आत नुसता गुळाचा वास होता.

सोनखळीत अजूनही दसऱ्याला, पाटीपूजनाच्या आधी, शाळेत जाणाऱ्या नव्या पोराला त्या रांजणापाशी नेतात. मुठीत गूळ-फुटाणे देतात. आई कडेवरून त्याला आत वाकवते आणि पोर म्हणतं, "राहीमाय, भिऊन नाही, सहज आलोय."

आतून येतं, "ये... ये..."

शहाणी माणसं सांगतात, पोकळीत आवाज घुमतो. आया वाद घालत नाहीत. पोराला आणखी थोडं खाली वाकू देतात.