एका पंगतीची भाकर

फार जुन्या काळी, समुद्रकाठच्या एका गावात, अदीना नावाची छोटी मुलगी आईबरोबर राहत असे. वडील नव्हते. आई तापाने इतकी वाळली होती की तिला कूससुद्धा बदलता येत नव्हती. येशूला मानणारी माणसं रोज संध्याकाळी ज्या घरात जमून जेवत, त्याच घराच्या मागच्या खोलीत या मायलेकींना आसरा मिळाला होता.

घर एकच, पण अंगणात मधोमध जाड पडदा होता. अलीकडे जुनी मंडळी बसत, पलीकडे दूरदेशांहून नव्याने आलेली. त्यांची बोली वेगळी, खाणं वेगळं. प्रार्थना सगळे मिळून म्हणत आणि भाकर मात्र दोन ठिकाणी मोडत. यात काही चुकतंय, असं कुणाला वाटत नसे.

एका दुपारी अदीना अंजिराच्या बागेत गेली. हिरव्यागार पानांतून सोनेरी, इवलेइवले कवडसे गळत होते. तिथे कोळ्याच्या चंदेरी जाळ्यात काहीतरी लुकलुकत होतं. ती होती एक चिमुकली परी! तिचे पंख डाळिंबी होते की जांभळे, हे नीट सांगता येणार नाही. ती हलली की रंग बदलत. अदीनाने श्वास रोखून एकेक धागा सोडवला.

"किती हळुवार हात गं तुझे," परी म्हणाली. "माग, काय हवं ते. पण एकदाच हं."

"माझी आई बरी होऊ दे."

परीने पंख झटकले. अदीनाच्या ओंजळीत एक छोटीशी सोनेरी भाकर आली. पण ती गारगोटीसारखी टणक होती.

"आज दिवे लागायच्या आत ही मोडायची," परी म्हणाली. "या घरात जमणारे सगळे एका पंगतीला बसले, तरच ती मऊ होईल. एक जरी माणूस बाहेर राहिलं, तर दगडच राहील. आणि माणसांची मनं मी वळवत नाही, बाळ. ते तुलाच करावं लागेल."

अदीना पळत मत्तान आजोबांकडे गेली आणि परीचं सगळं सांगितलं. जुन्या मंडळींत त्यांचा शब्द मोठा.

"त्यांच्या पंगतीला?" आजोबा म्हणाले. "अगं, ते मूर्तींपुढे ठेवलेलं मांस खातात. आम्ही जन्मात शिवलो नाही त्याला."

अदीना पडद्यापलीकडे गेली आणि आजोबांच्या बोलण्यासकट सगळं सांगितलं. तिथे ख्रिसा मावशी पातेलं ढवळत होती.

"आजोबांना सांग, आमच्या शेजारी बसलं म्हणून दाढी गळत नाही!" ख्रिसा म्हणाली. बायका खोखो हसल्या.

अदीनाला रडू फुटलं. "मावशी, माझी आई जाईल गं."

हसू थांबलं. ख्रिसाने मांसाचं पातेलं उचललं आणि शेजारच्या घरी देऊन आली. "मसूर चालतात ना त्यांना? मग आज मसूर."

ते कळल्यावर जुन्या मंडळींनी, जरा चुळबुळत का होईना, पडदा गुंडाळला. लांबच लांब चटया अंथरल्या. नव्यांपैकी थेओन नावाच्या हमालाने आईला बिछान्यासकट अलगद उचलून आणलं. अदीनाने भाकर हातात घेतली.

भाकर टणकच.

सगळे इकडेतिकडे पाहू लागले. मत्तान आजोबा आले होते. पण आपली वेगळी चटई टाकून, मध्ये अंतर ठेवून, घरून आणलेला वाडगा झाकून बसले होते.

"मी... इथेच तर आहे," ते पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले.

ख्रिसा सरकली. शेजारची जागा तिने हाताने झटकली. "या आजोबा. दाढीचं मी मघाशी उगीच बोलले. इथे बसा."

आजोबा हलले नाहीत. सूर्य समुद्राला टेकला होता. अदीना त्यांच्याकडे पाहत राहिली. मग त्यांनी वाडगा तिथेच ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि ख्रिसाशेजारी येऊन बसले.

भाकर कापसासारखी मऊ झाली. मोडावी तितकी पुरू लागली. आईने एक घास खाल्ला. तिच्या गालांवर गुलाबी रंग चढला आणि ती आपली आपण उठून बसली.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "मसूर आहेत ना अजून?"

"भरपूर!" आजोबा आणि ख्रिसा एकदमच म्हणाले, आणि दोघांचे हात एकाच पळीवर पडले.

भिंतीवर बसलेली परी खुदकन हसली. तिच्या पंखांतून निळा, गुलाबी, केशरी उजेड अंगणभर सांडला. तो सगळ्यांच्या चेहऱ्यांवर सारखाच पडला, आणि त्या उजेडातच ती विरून गेली.